सोमवारी सकाळी पोटात दुखणाऱ्या मुलांसाठी: गोव्यातल्या पालक-शिक्षक संघांना खुले पत्र

गोव्यातील सर्व पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी आणि सभासद पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षाची पहिली सभा बहुतेक शाळांत ठरलेल्या वळणाने जाते. नवी समिती निवडली जाते, मागचा जमाखर्च वाचला जातो. मग शाळेची बस, म्हणजे बालरथ, वेळेवर येत नाही, वर्गातले पंखे बंद आहेत, स्नेहसंमेलनाची वर्गणी किती, दहावीच्या जादा तासांचं काय, एवढ्यात दुपार होते आणि चहा येतो. यातला एकही विषय फालतू नाही. पण या वर्षी विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्या, आणि तो सगळ्यांत आधी घ्या, ही विनंती करण्यासाठी मी लिहिते आहे. विषय असा: आपल्या शाळेतलं एखादं मूल आतून त्रासात असेल, तर ते कळणार कोणाला, आणि कळलं तर त्याने ते सांगायचं कोणाला?

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात फार्मसी चालवते. माझी मुलगी हायस्कुलात शिकते आणि तिच्या शाळेच्या संघाची मी सभासद आहे. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण गावातल्या मुलांची दुखणी डॉक्टरकडे पोचण्याआधी बऱ्याचदा माझ्या काउंटरवर येतात, आणि त्यातल्या काहींवर माझ्या कपाटात औषध नसतं.

सोमवारी सकाळी दुकान उघडता उघडता एखादी आई घाईघाईने येते. "पोटांत दुखता म्हणटा, कितें तरी दी गो." गणवेशातला मुलगा दोन पावलं मागे, पाठीला दप्तर, बाटलीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळतो आणि सोडतो. मी विचारते, ताप आहे? नाही. जुलाब, उलटी? नाही. रात्री जेवला? जेवला. रविवारी कसा होता? बरा होता, संध्याकाळपासून सुरू झालं. तेवढ्यात बालरथाचा हॉर्न वाजतो. मुलगा हालत नाही, पण पट्टा गुंडाळणारं बोट थांबतं. आई एकदा त्याच्याकडे, एकदा रस्त्याकडे बघते, आणि हाताने ड्रायव्हरला 'जा' म्हणून खूण करते. बस वळणाआड जाते. मग त्या मुलाचे खांदे खाली येतात. इतके खाली, की तोवर ते वर खेचलेले होते हे तेव्हा लक्षात येतं. दुपारी तोच मुलगा सायकलवरून दुकानासमोरून जाताना दिसतो.

अशा मुलाला बहुतेक घरांत 'नाटकं करतो' म्हणतात. तो नाटक करत नसतो, हे मला सगळ्यांत आधी सांगायचं आहे. आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं मोठं जाळं आहे आणि त्याचा मेंदूशी सतत संबंध असतो. भीती वाटली की पोटात गोळा येतो, हा अनुभव मोठ्या माणसांनाही आहे. लहान मुलाला 'मला भीती वाटते, मला अपमान सहन होत नाही' असं मांडता येत नाही. त्याच्या अंगात ते पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ होऊन येतं. सोनोग्राफी साफ येते, रक्त-लघवीचे रिपोर्ट साफ येतात, आणि तरी दुखणं खरं असतं. मनाचा अंगावर एवढा अंमल चालतो, हे गोव्याला नवं वाटू नये. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. सहलीला नेलेल्या प्रत्येक मुलाने तो पाहिलेला असतो. 1756 साली कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये मांडलं ते हेच, की संमोहनात जे घडतं ते कुठल्या चुंबकी शक्तीमुळे घडत नाही, समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनातून घडतं. पुतळ्यापुढे फोटो काढून आपण मुलांना परत बसमध्ये बसवतो. एवढं सांगितलं तर मुलांनाही ऐकायला आवडेल.

अर्थात आधी डॉक्टर. दुखण्याने झोपेतून जाग येते, वजन घटतं, वारंवार उलट्या होतात, शौचातून रक्त जातं, ताप येतो, असं काही असेल तर ते शरीराचंच दुखणं समजून तपासून घ्यायला हवं. पण तपासण्या नीट आल्यावर पुढे काय, हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. रिपोर्ट साफ आला म्हणजे मूल खोटं ठरलं, असा निकाल लागून जातो.

दुसरी गोष्ट रागाची. मोठा माणूस खचला की गप्प होतो, रडतो, निदान तशी आपली कल्पना असते. मुलांचं, विशेषतः बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलग्यांचं, तसं नसतं. त्यांचं दुःख चिडचिड होऊन बाहेर पडतं. दार आपटणं, धाकट्या बहिणीवर हात उगारणं, आजीला उलट बोलणं, जेवणावरून उठून जाणं. आपण त्याला वय म्हणतो, मोबाइल म्हणतो, संगत म्हणतो. कधी ते तेवढंच असतंही. पण हा राग आठवडे उलटले तरी ओसरत नाही, सोबत झोप बिघडली आहे, खेळ सुटला आहे, मित्रांचे फोन येणं बंद झालं आहे, असं दिसलं तर तो निव्वळ वयाचा राग मानून सोडून देऊ नका. साधारण दोन आठवडे बदल टिकून राहिला तर कोणाशी तरी बोलायचं, हा ढोबळ नियम डॉक्टरही सांगतात.

आणि तिसरं मूल सगळ्यांत अवघड, कारण त्याच्याबद्दल कोणाची तक्रारच नसते. वही नीटनेटकी, गुण चांगले, घरात मदत करतं, काही मागत नाही. 'ह्याचा आम्हाला काही त्रास नाही हो,' असं आई कौतुकाने सांगते. अशी मुलं आपल्या गोव्यात ठरावीक घरांत जास्त सापडतात, असं मला दिसतं. वडील बोटीवर किंवा आखातात, आई एकटी सगळं ओढते, तिथलं थोरलं मूल. आई कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला, वडील हॉटेलात रात्रपाळीला, तिथलं मूल. खाण पट्ट्यातलं मूल. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांग्यातल्या किती घरांसमोर ट्रक उभे राहिले आणि बँकेचे हप्ते थकले, हे आपण पाहिलं आहे. त्या वर्षांत अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत असलेली मुलं पुढे हायस्कुलात गेली. त्यांच्यापुढे घरात कोणी पैशांचं बोललं नसेल, पण रात्री स्वयंपाकघरात चाललेलं कुजबुजणं त्यांना ऐकू यायचं. आपल्या दुखण्याची भर आईबाबांच्या डोक्यावर नको, असं मूल सात-आठ वर्षांचं असतानाच ठरवतं, आणि आपण त्याला शहाणं म्हणतो.

आता पाचवीबद्दल बोलते, कारण आपल्या राज्यात ही एक जागा अशी आहे जिथे मुलं दरवर्षी अडखळतात आणि सभेत त्यावर अवाक्षर निघत नाही. आपली हजारो मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकतात. शाळा लहान, मुलं थोडी, बाई प्रत्येकाला घरच्या नावाने ओळखणाऱ्या. कविता पाठ, पाढे पाठ, स्नेहसंमेलनात निवेदन याच मुलीचं. आणि मग उन्हाळ्याची एक सुट्टी संपली की तीच मुलगी चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात, जिथे विज्ञान इंग्रजीत, गणित इंग्रजीत, समाजशास्त्र इंग्रजीत. तिला उत्तर येत असतं, पण ते मांडायची भाषा येत नाही. एकदा हात वर करते, चुकतं, मागच्या बाकावर कोणी हसतं. पुन्हा हात वर जात नाही. पहिल्या घटक चाचणीत गुण घसरतात आणि घरी विचारणा होते, 'तिकडे तर पहिली यायचीस, इकडे काय झालं?'

हे तिच्या बुद्धीचं अपयश नाही, हे आपण सगळे जाणतो. ती स्वतः मात्र तसं मानत नाही. दहा वर्षांच्या मुलीला वाटतं, मी आधी हुशार होते हेच खोटं होतं. पाचवीच्या पहिल्या सहामाहीत पोटदुखीचं औषध मागणाऱ्या आया माझ्याकडे जास्त येतात. हे माझं निरीक्षण आहे, संशोधन म्हणून मी ते सांगत नाही. पण तुमच्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गशिक्षिकेला विचारून बघा, कोणती मुलं जूननंतर बोलायची थांबली. तिला नावं तोंडपाठ असतील. तिला ते कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

आता मूळ मुद्द्यावर येते, आणि त्यासाठी माझ्या घरातलं सांगते. मुलीला विचारून, तिने हो म्हटल्यावर लिहिते आहे. सातवीत असताना तिच्यात काहीतरी बिनसलं होतं. त्याची पहिली खूण मला दिली ती बालरथातल्या अटेंडंटने. ती बाई औषधं घ्यायला दुकानात आली होती. पिशवी उचलता उचलता म्हणाली, तुमची मुलगी हल्ली मागे एकटी बसते, आणि उतरताना सगळी उतरेपर्यंत थांबते. घरी आल्यावर मी सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, शाळेतून आली की आधी तोंड धुवायला जाते, बराच वेळ बाहेर येत नाही. माध्यान्ह आहार वाढणाऱ्या स्वयंसाहाय्य गटातल्या एकीला मी ओळखत होते. तिला सहज विचारलं तर ती म्हणाली, पाव घेते पण खात नाही, दप्तरात टाकते. वर्गशिक्षिकेला भेटले. त्यांना नवल वाटलं, कारण वह्या पूर्ण होत्या आणि गुण होते तसेच होते. मला घरात काय दिसत होतं? मुलगी पुस्तक घेऊन खोलीत बसते, एवढंच. वाचनाची आवड लागली, असं कोणालाही वाटावं.

एकेक गोष्ट सुटी घेतली तर कोणी झोप उडवून घ्यावी अशी नव्हती. चारही शेजारी ठेवल्यावर मात्र चित्र दिसायला लागलं. वर्गातल्या मुलींचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात तिच्या फोटोचे स्टिकर फिरत होते आणि जवळच्या मैत्रिणीनेच ते बनवले होते. हे तिने सांगितलं ते लगेच नाही. आधी कितीतरी वेळा 'कांय ना' झालं. पुढे वर्गशिक्षिकेने गाजावाजा न करता एकेकीशी बोलून ते थांबवलं. ती मैत्री गेली ती गेलीच. दुसरी जुळायला वेळ लागला. त्या दिवसांत मुलगी दोनदा समुपदेशक बाईंकडे जाऊन बसली, आणि ते बसणं तिला उपयोगी पडलं असं ती आज सांगते.

माझं म्हणणं सगळं यात आलं. मूल आपलं दुःख कोणा एकापुढे पूर्ण उघडं करत नाही. ते बसमध्ये थोडं सांडतं, जेवणाच्या रांगेत थोडं, मैदानावर थोडं, आजीसमोर थोडं. पाहणारे पाच जण असतात, प्रत्येकाकडे एक तुकडा असतो, आणि ते तुकडे कधीच एकत्र येत नाहीत. आईवडिलांना वाटतं शाळा बघेल, शाळेला वाटतं घरी ठाऊक असेल. बालरथाच्या अटेंडंटला वाटतं, मी सांगणारी कोण? तिच्याच शब्दांत, "आमकां कोण विचारता?" हे तुकडे जोडता येतील अशी गोव्यात एकच जागा आहे, जी प्रत्येक शाळेत आधीपासून आहे, जिच्यात घर आणि शाळा दोघं बसतात. ती जागा म्हणजे तुम्ही.

म्हणून पहिली मागणी अशी. वर्षाच्या पहिल्या सभेला बालरथाचे ड्रायव्हर आणि अटेंडंट, आहार वाढणाऱ्या बाया, शिपाई, पीटीचे सर यांना मानाने बोलवा. काय बघायचं ते त्यांना समुपदेशकाकडून समजावून द्या: रोज गटात असणारं मूल एकटं पडलं का, खाणारं मूल खाईनासं झालं का, खेळणारं मूल कडेला उभं राहतं का, उकाड्यातही बाह्या खाली ओढून घेतं का. सांगायचं कोणाला तेही ठरवून द्या, आणि ती व्यक्ती एकच असू दे.

इथे एक काळजी आहे आणि ती खरी आहे. आपली गावं लहान. बालरथात बोललेलं संध्याकाळपर्यंत देवळाच्या मंडपात पोचतं. कोणत्याही मुलाचं नाव सभेत निघता कामा नये, ग्रुपवर पडता कामा नये, रजिस्टरात चढता कामा नये. अटेंडंटने वर्गशिक्षिकेच्या कानावर घालायचं, वर्गशिक्षिकेने समुपदेशकाच्या आणि आईवडिलांच्या. ही वाट एवढीच अरुंद ठेवली तर मूल सुरक्षित राहील. ही शिस्त पाळता येत नसेल तर माझी सूचना बाजूला ठेवलेली बरी, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं.

साध्या माणसांना हे जमेल का, अशी शंका काही जण घेतील. तिचं उत्तर गोव्यानेच जगाला दिलेलं आहे. पर्वरीची 'संगात' ही संस्था 1996 मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. त्यांनी गोव्यातल्या दवाखान्यांत असा प्रयोग केला, की डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्र न शिकलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण द्यायचं आणि उदासी-चिंतेच्या रुग्णांना आधार देण्याचं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा गुण आला. 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली. तो प्रयोग मोठ्या माणसांवर होता आणि त्यात उपचारही होते. मी तर फक्त बघणं आणि योग्य माणसाला सांगणं एवढंच मागते आहे.

शिवाय हे आता कोणाच्या हौसेवर सोडलेलं नाही. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवायचा. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी, दोघांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं, आणि धोक्याच्या खुणा ओळखणं हा त्या प्रशिक्षणाचा भाग आहे. मदतीचे फोन क्रमांक ठळक अक्षरांत लावायचे. शिक्षकेतर हा शब्द न्यायालयाने मुद्दाम घातला आहे, तो आपल्या मुख्याध्यापकांना दाखवा. हे प्रशिक्षण आपल्या शाळेत कधी झालं, पुढचं कधी आहे, एवढंच विचारा. विचारल्यावर तारीख ठरते, असा माझा सभेचा अनुभव आहे.

समुपदेशकांचंही असंच. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत आपल्या शाळांना समुपदेशक मिळतात, ही इतर राज्यांच्या मानाने मोठी सोय आहे. पण एकाच समुपदेशक बाईंकडे एकाहून अधिक शाळा असल्या की त्या ठरावीक वारीच येतात. तो वार कोणता, हे किती पालकांना माहीत आहे? त्या बसतात कुठे? स्टाफरूमच्या कोपऱ्यात, ग्रंथालयाच्या कपाटाआड, की जिन्याखालच्या खोलीत? मुलाला बंद होणारं दार लागतं. आणि तिथे जाताना सगळ्या वर्गासमोर नाव पुकारलं जाणार असेल तर कुठलंही मूल जाणार नाही. स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीसाठी आपण ठराव करतो, निधी जमवतो. एका लहान खोलीसाठी, पडद्यासाठी, दोन खुर्च्यांसाठी तसाच ठराव करा.

किती मुलांसाठी एवढा खटाटोप, असा प्रश्न आला तर सांगते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात 7.3 टक्के मुलांना उपचारांची गरज पडेल असा त्रास आढळला. चाळीसच्या वर्गात सरासरी तीन मुलं. आजार म्हणता येणार नाही पण रोजचा दिवस जड जातो, अशी मुलं यात धरलेलीच नाहीत. 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. यावर मला अधिक लिहवत नाही.

सभासद पालकांनो, आता तुमच्याशी थोडं. मुलाला समोर बसवून 'सांग, काय झालंय' म्हटलं की ते बंद होतं. डोळ्याला डोळा नसेल तेव्हा मुलं बोलतात. स्कूटरवर मागे बसलेली असताना, नारळ किसताना, भांडी पुसताना, चवथीला गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीची फळं बांधताना. तेव्हा विचारावं, आणि विचारल्यावर गप्प राहावं. उत्तर आलंच तर लगेच उपाय सांगू नये, 'आमच्या वेळी तर' हे तर मुळीच नको. 'असं झालं होय, मग तुला काय वाटलं?' एवढं पुरतं. नाही बोललं तर नाही. उद्या पुन्हा स्कूटर आहेच. चवथीला घर भरलेलं असताना दहावीच्या मुलाला प्रत्येक पाहुणा टक्के विचारतो. त्या वेळी त्याच्या बाजूने उभं राहून विषय बदलणं, हेही मुलं लक्षात ठेवतात.

काही घरांत दिष्ट काढतात, देवाला कौल लावतात. जरूर करा, त्याने आईच्या जिवाला थारा मिळतो, आणि मुलालाही कळतं की आपल्यासाठी कोणी धडपडतं आहे. पण डॉक्टरची भेट त्यासाठी पुढे ढकलू नका. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, सरकारी आहे. 'बांबोळीला नेलं म्हणून लोक काय म्हणतील, उद्या मुलीचं लग्न व्हायचं आहे,' हे मी काउंटरवर हळू आवाजात अनेकदा ऐकते. त्या आयांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. त्यांना मी आधी फोन करायला सांगते. टेली-मानस 14416, केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेली मानसिक आरोग्याची फोनसेवा, दिवसरात्र, फुकट, आणि आपल्या भाषेत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे, तो मूल स्वतःही लावू शकतं. फोनवर कोणी ओळखीचं भेटत नाही, आणि तिथूनच पुढची वाट सापडते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. मूल 'मी नसलो तर बरं होईल' अशा अर्थाचं काही बोललं, आवडत्या वस्तू वाटायला लागलं, निरोप घेतल्यासारखं वागायला लागलं, तर सरळ विचारा: तुला जगू नये असं वाटतं का? विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलाला सुटल्यासारखं वाटतं. त्या वेळी त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. आणि औषधं विकणारी म्हणून सांगते, आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा, बागायतीची फवारणीची औषधं, सगळं आजच कुलपात ठेवा. अशा क्षणाची तीव्रता बऱ्याचदा थोड्या वेळाने उतरते. तेवढा वेळ हाताशी काही नसणं यावर सगळं अवलंबून असतं.

मी माझ्या दुकानात दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लावले आहेत, मुलांच्या उंचीवर. फोंडा तालुक्यातल्या कोणत्याही शाळेच्या संघाला तशी पाटी हवी असेल तर छापून देण्याचा खर्च मी करीन. मोबदल्यात एवढंच करा: हा विषय सभेच्या नोटिशीत आधीपासून छापा, इतिवृत्तात नोंदवा, आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात ढकलू नका. समुपदेशकाचा वार, खोली, प्रशिक्षणाची तारीख आणि कळवायचं ते एक नाव, या चार गोष्टी त्याच सभेत ठरवून सगळ्या पालकांना लेखी कळवा.

आपली,
एक सभासद पालक
फोंडा तालुका, गोवा